भरती-ओहोटीपासून दरडीपर्यंत : मराठी विज्ञानव्याख्यानांचा इतिहास

सर्वसामान्य श्रोत्यांना त्यांच्या भाषेत शास्त्रीय संशोधन समजावून सांगणाऱ्या जाहीर व्याख्यानांना मराठीत संस्थेचे रूप आले ते १८४८ साली, मुंबईत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी त्या वर्षी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिचे कामकाज इंग्रजीत चाले. पण शहरातल्या बहुसंख्य लोकांना इंग्रजी येत नव्हते. म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा निघाल्या. मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे पहिले अध्यक्ष. सभेची रीत साधी होती : सभासदाने विषय निवडून निबंध लिहायचा, तो सभेपुढे वाचायचा आणि मग त्यावर चर्चा व्हायची. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले. त्यामुळे मुंबईच्या दिवाणखान्यात वाचलेला निबंध छापून मुंबईबाहेरच्या वाचकापर्यंत जाऊ लागला.

त्याच १८४८ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे मुलांपुढे मेणबत्तीवर व्याख्याने देत होता. तिथे मुलांसाठी नाताळची व्याख्याने आणि मोठ्यांसाठी शुक्रवारची संध्याकाळची व्याख्याने १८२५ पासून सुरू होती. फॅरेडेची प्रयोगशाळा त्याच इमारतीत असल्यामुळे बोलणारा, संशोधन करणारा आणि प्रयोग करून दाखवणारा माणूस एकच असे. मुंबईच्या सभेजवळ प्रयोगशाळा नव्हती. तिथले बहुतेक वक्ते युरोपातल्या ग्रंथांतले ज्ञान मराठीत आणत होते आणि त्यांचे मुख्य साधन हातातला कागद होता.

या सगळ्यांत केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) वेगळे ठरतात. त्यांचा जन्म आजच्या रायगड जिल्ह्यातला, अलिबागजवळच्या नागावचा. तरुणपणीच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली कामाला लागले. पृथ्वीचे चुंबकत्व आणि हवामान यांच्या नोंदी ठेवण्याचे काम तिथे चाले. ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी हवा, भरती-ओहोटी, कालज्ञान या विषयांवर व्याख्याने दिली. हे विषय पुस्तकात होते, तसेच श्रोत्याच्या दारातही होते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे नागावच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याला शाळेत न जाताही ठाऊक होते. चंद्र रोज तेवढाच उशिरा माथ्यावर येतो म्हणून असे होते, एवढी जोड व्याख्यानाने द्यायची होती. श्रोत्याला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीला कारण पुरवणे, ही मराठी विज्ञानव्याख्यानाची पहिली यशस्वी पद्धत. पुढे छत्रे पुण्यात प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

१८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी एक वक्ता आणि एक विषय, ही घडी तिने बसवली आणि ती पुढे महाराष्ट्रातल्या गावोगावच्या व्याख्यानमालांनी उचलली. व्याख्यान ऐकायला जाणे हा मध्यमवर्गीय नागर जीवनाचा भाग झाला. या मालांत राजकारण, इतिहास, समाजसुधारणा आणि साहित्य यांना मोठी जागा मिळाली. विज्ञानाच्या वाट्याला त्यामानाने थोडी आली. दुसऱ्याच वर्षी, १८७६ मध्ये, डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्यात 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' स्थापन केली. केवळ विज्ञानाला वाहिलेली व्याख्याने आणि प्रयोगशाळा तिथे एकाच छपराखाली आल्या. १९०७ पासून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी त्याच प्रयोगशाळेत काम केले. मुंबई-पुण्यात अशी जोड जमली नाही. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांच्यासारख्या शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठी पुस्तके लिहून पाया घातला. परंतु संशोधक आणि जाहीर वक्ता यांच्यातले अंतर तसेच राहिले.

रायगड जिल्ह्याचा या इतिहासाशी दुसरा धागा नाते या गावातून येतो. महाडहून रायगड किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिकमध्ये ते पहिले आले आणि त्यांना संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात मात्र त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय. १९१७ मध्ये वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. ज्वालामुखीच्या काळ्या खडकाच्या प्रदेशातून गेलेला हा विद्यार्थी शास्त्रज्ञ झाला नाही. पुढच्याच वर्षी तो आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला आणि प्रशासनात गेला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री, ही देशमुखांची सर्वपरिचित ओळख.

विज्ञान लोकांपर्यंत नेण्याच्या दृष्टीने त्यांची दुसरी कारकीर्द अधिक महत्त्वाची आहे. १९४५ ते १९६४ या काळात ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडल्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६२ मध्ये उघडलेल्या या संस्थेत शास्त्रज्ञ, लेखक, प्रशासक आणि जिज्ञासू नागरिक एकाच सभागृहात बसू लागले. व्याख्यान झाले की प्रश्नोत्तरे, हा तिथला शिरस्ता. देशमुखांचे काम व्यासपीठ उभारण्याचे होते. पण त्यांच्या गावापासून हे व्यासपीठ शेकडो कोस दूर होते आणि तिथली भाषा मुख्यतः इंग्रजी होती.

मराठीतली उणीव भरून काढणारी संस्था २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत उभी राहिली : मराठी विज्ञान परिषद. दरवर्षी वेगळ्या गावी अधिवेशन, गावोगाव विभाग, परिषदेची पत्रिका, विज्ञानकथा स्पर्धा असा तिचा पसारा वाढत गेला. अधिवेशन फिरते ठेवल्यामुळे अणुशक्ती केंद्रातला किंवा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला संशोधक जिल्ह्याच्या गावी जाऊन मराठीत बोलू लागला. छत्र्यांनंतर पुन्हा संशोधन करणारा आणि व्याख्यान देणारा एक झाला, आणि तोही मोठ्या प्रमाणावर. १९७४ मध्ये परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली. ती जयंत विष्णू नारळीकर यांची होती. परीक्षकांवर आपल्या नावाचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते.

नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. विश्वरचनाशास्त्रातला जागतिक कीर्तीचा संशोधक शाळेच्या सभागृहात मराठीत बोलतो, हे दृश्य पुढची चार दशके महाराष्ट्राने पाहिले. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी वह्या पुढे करत, तेव्हा ते वहीवर सही करत नसत. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न विचारा, उत्तर सहीसकट पाठवीन, असे सांगत. येणाऱ्या कार्डांना ते उत्तरे लिहीत. यात दोन गोष्टी साधल्या. श्रोत्याला घरी जाऊन विचार करावा लागे आणि सभेत हात वर करायला लाजणाऱ्या मुलालाही प्रश्न विचारता येई. १९८८ मध्ये पुण्यात त्यांच्या नेतृत्वाखाली 'आयुका' ही खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी इंग्रजीत आणि मराठी किंवा हिंदीत व्याख्यान-प्रात्यक्षिक ठेवण्याची तिथली प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या नाताळच्या व्याख्यानांच्या घराण्यातली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी संस्थेची दारे सर्वांसाठी उघडतात. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. हा मान मिळालेले ते पहिले शास्त्रज्ञ.

सभागृहाबाहेरची व्याख्याने हा याच काळातला दुसरा प्रवाह. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करत होती. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला, तेव्हा मुंबईत खगोल मंडळ सुरू झाले आणि कर्जत मार्गावरच्या वांगणीत रात्रभराचे आकाशदर्शन रूढ झाले. इथे फळा म्हणजे प्रत्यक्ष आकाश. वक्ता बॅटरीचा झोत ताऱ्याकडे वळवून बोलतो. लोकविज्ञान चळवळीने व्याख्यानाला नाटक, गाणी आणि पोस्टर प्रदर्शनाची जोड दिली. १९८७ च्या भारत जन विज्ञान जथ्यात देशाच्या पाच दिशांनी निघालेले जथे ७ नोव्हेंबरला भोपाळला एकत्र आले. गॅसकांडाचे शहर मुद्दाम निवडले होते. विज्ञानाची ओळख करून देताना त्याच्या वापराबद्दल जाब विचारणेही या चळवळीला आवश्यक वाटत होते.

२००९ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 'चाय अँड व्हाय?' हा उपक्रम सुरू केला. जुहूचे पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय ही त्याची ठिकाणे. वेळ रविवार सकाळ, प्रवेश सर्वांना मोफत. संस्थेतले किंवा बाहेरचे संशोधक सोप्या भाषेत आपला विषय मांडतात आणि चहा घेता घेता प्रश्न चालतात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'काफे सायंटिफिक'शी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. ज्ञानप्रसारक सभेत निबंध आधी आणि चर्चा नंतर असे. इथे प्रश्न मध्येच येतो आणि व्याख्यानाचा रोख बदलू शकतो.

रायगड जिल्ह्यातल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मात्र विज्ञानव्याख्यानाची गरज वेगळ्या कारणाने पुढे आली. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही बळी गेले. या डोंगरांचा गाभा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा, म्हणजे काळ्या बसाल्टचा. त्यावर झिजलेल्या खडकाचा आणि मातीचा जाड थर असतो. सलग पावसात पाणी या थरात मुरते, पण खालच्या घट्ट खडकात सहज शिरत नाही. मधल्या भागात पाण्याचा दाब वाढतो, मातीची पकड सुटते आणि थर उतारावरून घसरतो. जमिनीला नव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे, कोरड्या जागी पाणी फुटणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे या त्याच्या आगाऊ खुणा आहेत. दरडप्रवण गावात भूशास्त्रज्ञाने सांगायचा मुख्य भाग हाच. तो सांगताना श्रोत्यांकडून घेण्यासारखेही पुष्कळ असते, कारण कोणता झरा कधी गढूळ झाला हे गावकऱ्यालाच आधी कळते.

महाडच्या पुराचे गणितही असेच समजावून सांगण्याचे आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री महाडजवळ खाडीला भेटते. वरून पुराचे पाणी आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याचा निचरा अडतो आणि शहरात पाणी चढते. छत्र्यांनी सभेपुढे मांडलेला भरती-ओहोटीचा विषय इथे व्यापाऱ्याच्या दुकानातल्या मालाशी आणि घराच्या जोत्याशी जाऊन भिडतो.

तिसरे उदाहरण गिधाडांचे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या नव्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मेल्यानंतर मांस खाल्ल्याने गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते, हे पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून २००४ मध्ये जगापुढे आले. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली. महाडच्या सिस्केप या संस्थेने म्हसळा तालुक्यातले चिरगाव आणि महाड तालुक्यातले नाणेमाची या भागांत गिधाडांच्या संवर्धनाचे काम केले. प्रयोगशाळेतला हा निष्कर्ष गावात उपयोगी पडण्यासाठी गुराख्याला, पशुपालकाला आणि औषध देणाऱ्याला तो पटावा लागतो, आणि मेलेले जनावर पुरण्याऐवजी गिधाडांसाठी ठेवायला माणूस तयार व्हावा लागतो. असे प्रबोधन एका व्याख्यानाने होत नाही. शाळेत, ग्रामसभेत आणि घरट्यांच्या झाडाखाली तेच पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

आज मराठीत विज्ञानव्याख्यानाचे तीन प्रकार सोबत नांदतात : व्याख्यानमालेतले औपचारिक भाषण, संशोधनसंस्थेतले प्रात्यक्षिक आणि प्रश्नांवर चालणारी बैठक. पहिला प्रकार लहान शहरांपर्यंत पोचला आहे; उरलेले दोन अजून मुख्यतः मुंबई-पुण्यात आहेत. महाडच्या बाजूला त्यांची सोय करू शकतील अशा संस्था आता जवळ आहेत. माणगाव तालुक्यात लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ त्यांतले प्रमुख. विषय शोधायलाही लांब जावे लागत नाही. डोंगर, खाडी आणि पक्षी यांवरचे संशोधन झालेले आहे. त्यातले बरेचसे इंग्रजी शोधनिबंधांत आणि सरकारी अहवालांत आहे, आणि ते मराठीत बोलून दाखवण्याचे काम पावसाळ्यापूर्वी दरवर्षी नव्याने करावे लागते.