सुईचा कोन

ग्रामोफोनविषयीं आजवर जें कांहीं लिहिलें गेलें आहे, त्यांत गायकांचा इतिहास आहे, कंपन्यांचा इतिहास आहे, कर्ण्यांचीं व शिसवी पेट्यांचीं रसभरित वर्णनेंही आहेत. परंतु सुईचें टोंक तबकडीच्या खांचेंत नेमकें कसें बसतें, तें कोणत्या कोनांत धरलें पाहिजे, आणि ही साधी गोष्ट ठरवावयास माणसांस किती वर्षें लागलीं, हा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. वास्तविक गवयाचा आवाज आपल्या कानीं येतो तो याच एका बिंदूवाटे. कर्णा, पेटी, विजेचे दिवे अगर नळ्या हें सर्व पुढचें; टोंकानें जें उचललें नाहीं तें मागाहून कोणत्याही युक्तीनें मिळत नाहीं, आणि टोंकानें जें खरवडलें तें तर कायमचेंच जातें. ज्या घरांतून वाडवडिलांच्या तबकड्या अद्याप कपाटांत आहेत, त्या घरच्या मंडळींस तरी हा विषय रुक्ष वाटूं नये.

एडिसननें १८७७ सालीं जो फोनोग्राफ तयार केला, त्यांत हा प्रश्न उत्पन्नच झाला नव्हता. फिरत्या नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळलेला असे, आणि आवाजाच्या आघातानें सुई खालींवर होऊन त्या वर्खावर लहानमोठे खळगे पाडी. नळकांड्याला पुढें सरकविण्याचें काम एक स्क्रू करीत असे. खळगे पाडतांना नळकांडें सुईखालून ज्या वाटेनें गेलें त्याच वाटेनें त्याला स्क्रू पुन्हां नेई. त्यामुळें कोन चुकण्याचें कारणच नव्हतें. दहा वर्षांनीं, १८८७ सालीं, एमिल बर्लिनर यानें नळकांड्याच्या जागीं सपाट तबकडी आणली आणि खालींवर डोलणाऱ्या रेघेऐवजीं डावीकडे-उजवीकडे नागमोडी जाणारी रेघ काढली. या नागमोडी खांचेच्या दोन भिंती सुईला आपणच धरून आंत आंत ओढीत नेत. स्क्रूची गरज उरली नाहीं, यंत्र स्वस्त झालें, आणि एका ठशावरून हजारों तबकड्या काढतां येऊं लागल्या. ग्रामोफोन घरोघर गेला तो या काटकसरीमुळें. पण याच काटकसरीनें एक दोष जन्मास घातला.

दोष असा. तबकडी कोरतांना कोरणारें हत्यार परिघाकडून मध्याकडे सरळ रेषेंत सरकतें. म्हणजे तें तबकडीच्या त्रिज्येवरून चालतें. वाजवितांना मात्र सुई एका हाताच्या टोंकाशीं असते, आणि तो हात एका खुंटीभोंवतीं दाराप्रमाणें फिरतो. दाराची कड जमिनीवर कमान काढते, सरळ रेघ काढीत नाहीं. म्हणून कोरणारें हत्यार खांचेकडे जसें तोंड करून होतें, तसें सुईचें तोंड प्रत्येक ठिकाणीं राहत नाहीं. २३० मिलिमीटर लांबीचा सरळ हात घेतला आणि सुई बरोबर मधल्या खिळ्यावर येईल असा बसविला, तर १२ इंची तबकडीच्या बाहेरच्या खांचेवर ही चूक सुमारें १८ अंश होते, आणि आंतल्या शेवटच्या खांचेवर सुमारें ७ अंश. बढईला एवढी चूक चौकटीच्या कोपऱ्यांत खपणार नाहीं. ग्रामोफोनमध्यें मात्र ती तीस-पस्तीस वर्षें बिनतक्रार खपली.

ती खपण्याचें कारण समजण्यासाठीं त्या वेळची सुई आणि त्या वेळची तबकडी यांचें नातें पाहिलें पाहिजे. तबकडीचें मुख्य द्रव्य लाख. ही लाख बहुतांशीं हिंदुस्थानांतील जंगलांतून, विशेषतः छोटा नागपूरच्या बाजूनें, परदेशीं जात असे आणि तबकडी होऊन परत येत असे. नोव्हेंबर १९०२ मध्यें फ्रेड गैसबर्ग यानें कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें मुद्रित केलें, त्याच्या तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें दाबून आणाव्या लागल्या. कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना १९०८ सालीं निघाला. या लाखेंत दगडाची बारीक पूड मुद्दाम मिसळीत. शंभर ग्रॅमांहून अधिक भार सुईच्या टोंकावर पडत असल्यामुळें नुसती लाख टिकली नसती, हें एक. आणि दुसरें असें कीं, त्या पुडीनें पोलादी सुई पहिल्या कांहीं फेऱ्यांतच घासून खांचेच्या आकाराची व्हावी अशी योजना होती. म्हणूनच प्रत्येक बाजूस नवी सुई लावावी असा दंडक असे. सुयांच्या डब्या घरांत संपत, आणि संपल्या कीं वापरलेलीच सुई पुन्हां फिरवून लावण्याचा मोह होई. तबकड्यांचा घात सर्वांत अधिक कशानें झाला असेल, तर तो या मोहानें.

कारण घासलेल्या सुईला कडा फुटतात. जोपर्यंत तिचें तोंड खांचेकडे एकाच दिशेनें आहे तोपर्यंत त्या सपाट झालेल्या बाजू भिंतींस चिकटून सरकतात. पण हात जसजसा आंत जातो तसतसा कोन बदलतो, आणि त्याच कडा वाकसाच्या धारेप्रमाणें खांचेची भिंत तासूं लागतात. म्हणजे कोनाची चूक केवळ आवाज बिघडवून थांबत नसे. ती मूळ मुद्रणच झिजवीत असे. येथें आपल्या संगीताचा एक विशेष संबंध येतो. तीन-सव्वातीन मिनिटांच्या मर्यादेंत राग मांडावयाचा, तेव्हां गवई आलाप थोडक्यांत आटोपून द्रुत अंगाकडे वळे, आणि तानांची झोड बहुधा शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिनिटांत, म्हणजे तबकडीच्या अगदीं आंतल्या खांचांत येई. सुई झिजलेली, कोन फिरलेला, वर्तुळ लहान झालेलें, आणि त्याच जागीं गाण्याचा कळस! जुन्या तबकड्यांत आरंभ स्वच्छ आणि अखेर खरखरीत असा जो अनुभव येतो, त्याचा दोष लोक गवयाच्या आवाजाला किंवा मुद्रणाला देतात. तो बव्हंशीं सुईचा असतो.

या प्रश्नास पहिलें गणिती उत्तर मिळालें तें एका वाङ्मयप्रेमी माणसाच्या मासिकांत, ही गोष्ट मला मौजेची वाटते. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानें १९२३ सालीं लंडनमध्यें ‘ग्रामोफोन’ नांवाचें मासिक सुरू केलें. पुढच्याच वर्षीं, १९२४ च्या सप्टेंबरांत, पर्सी विल्सन यांनीं त्यांत सुईच्या मार्गाविषयीं लेख लिहिला. त्यांनीं दोन उपाय सांगितले. हाताचें डोकें कांहीं अंशांनीं आंत वळवावें. आणि सुई मधल्या खिळ्यावर न येतां त्याच्या थोडी पलीकडे जाईल इतका हात लांब ठेवावा. हे दोन्ही उपाय एकत्र केले असतां १८ अंशांची चूक दोन-अडीच अंशांच्या आंत येते. आज कोणताही बांकदार हात पाहिला तर त्याचें डोकें तेवीस-चोवीस अंश वळलेलें दिसेल आणि सुई खिळ्यापुढें सतरा-अठरा मिलिमीटर गेलेली दिसेल. सरळ हात अधिक नीट असला पाहिजे असें पाहणाऱ्यास वाटतें. भूमिति उलट सांगते.

१९३८ सालीं स्वीडनचे एरिक लोफग्रेन यांनीं हा विचार आणखी एक पाऊल पुढें नेला. नुसता कोन कमी करून भागत नाहीं, असें त्यांनीं दाखविलें. तबकडीच्या आंतल्या भागांत तीच लाट थोड्या जागेंत कोंबलेली असते. म्हणून बाहेर जो एक अंश चालेल तो आंत चालणार नाहीं. कोनाला त्रिज्येनें भागून येणारी संख्या सर्वत्र लहान ठेवली पाहिजे. त्यांचा निबंध जर्मन भाषेंत होता, लवकरच महायुद्ध पेटलें, आणि १९४१ सालीं अमेरिकेंत बेअरवाल्ड यांनीं तेंच उत्तर स्वतंत्रपणें काढलें. पुढें कित्येक दशकें या रचनेस बेअरवाल्ड यांचेंच नांव चालत राहिलें. आजच्या मापानें या रीतींत सुई दोन ठिकाणीं अगदीं बिनचूक असते, मध्यापासून ६६ मिलिमीटरवर आणि सुमारें १२१ मिलिमीटरवर. इतरत्र ती थोडीशी चुकते, पण ती चूक विचारपूर्वक वांटलेली असते.

१९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीनें सूक्ष्म खांचांची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी विक्रीस आणली, आणि हें गणित एकदम निकडीचें झालें. लाख गेली, व्हिनाइल आलें. टोंकावरचा भार शंभर ग्रॅमांवरून सहा-सात ग्रॅमांवर आला, आणि आज तो दीड-दोन ग्रॅम असतो. पोलादाच्या जागीं नीलमणि व हिरा आला. पण फिरण्याची गति कमी झाल्यामुळें आंतल्या खांचेचे हाल वाढले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर अगदीं आंत, ६० मिलिमीटर त्रिज्येवर, खांच सुईखालून सेकंदास सुमारें ४९ सेंटिमीटर वेगानें जाते. दीर्घ तबकडीवर इतका वेग फक्त सर्वांत बाहेर मिळतो. आंत तो २१ सेंटिमीटर उरतो. सेकंदास दहा हजार कंपनांचा स्वर घेतला तर त्याची एक लाट आंतल्या खांचेंत मिलिमीटरच्या एक-पन्नासांश जागेंत मावलेली असते. टोंकाची गोलाई तितकीच, म्हणजे मिलिमीटरच्या एक-पन्नासांशाच्या आसपास! जाड बोटानें बारीक नक्षी चांचपावी, तसा हा प्रकार आहे. लंबवर्तुळाकार टोंकें पुढें निघालीं तीं याच कारणानें. आणि टोंक जितकें धारदार, तितकी कोनाची चूक त्यास अधिक बाधते.

तोंवर सुई केवळ डावी-उजवीकडे हलत होती. अॅलन ब्लूमलीन या तरुण इंग्रज इंजिनिअरानें डिसेंबर १९३१ मध्यें एका पेटंटाच्या अर्जांत असें सुचविलें होतें कीं, खांचेच्या दोन भिंती परस्परांशीं काटकोन करून उभ्या कराव्या आणि प्रत्येक भिंतीवर एकेक स्वतंत्र आवाज कोरावा. म्हणजे एकाच खांचेंतून डाव्या व उजव्या कानाचें ऐकणें वेगवेगळें येईल. ब्लूमलीन १९४२ च्या जूनमध्यें रडारची चांचणी घेणाऱ्या विमानाच्या अपघातांत वारले. त्यांच्या कल्पनेच्या तबकड्या बाजारांत येण्यास १९५७-५८ साल उजाडलें. या तबकड्यांत सुई आडवीही हलते आणि उभीही हलते. एडिसनची खालींवर चाल अशा रीतीनें ऐंशी वर्षांनीं परत आली, आणि तिच्याबरोबर एक नवा कोनही आला.

हा नवा कोन ज्या वस्तूवर अवलंबून आहे तिचें नांव सामान्य वाजविणाऱ्यास ठाऊकही नसतें. कार्ट्रिजमध्यें हिऱ्याचें टोंक एका केसासारख्या दांडीच्या शेवटीं बसविलेलें असतें, आणि त्या दांडीचें मागचें टोंक रबराच्या एका लहानशा कड्यांत धरलेलें असतें; कित्येकांत त्यामागें एक बारीक तारही ताणलेली असते. सुई हलते ती या रबराच्या बळावर. दांडीचा आंस तबकडीच्या पृष्ठभागांत असूं शकत नाहीं, तो थोडा वरच असणार. म्हणून टोंक खालींवर होतांना सरळ न जातां तिरक्या कमानींत जातें. कोरणाऱ्या हत्याराचा तिरपेपणाही याच्याशीं जुळला पाहिजे. १९६० नंतरच्या दशकांत यावर बराच ऊहापोह झाला. त्यांत असें आढळलें कीं, ज्या मऊ लॅकरवर तबकडी कोरतात तें कापलें गेल्यावर किंचित् उसळून मागें येतें, आणि हत्यार ज्या कोनांत धरलें त्या कोनांत खांच उमटत नाहीं. पुढें हा कोन सुमारें १५ अंश धरावा असें ठरलें, आणि नंतर तो २० अंशांकडे सरकला. म्हणजे भिन्न काळच्या तबकड्यांना एकच कोन तंतोतंत मानवत नाहीं.

आतां कागदावरची सर्व भूमिति असें धरून चालते कीं, कार्ट्रिजच्या पेटींत सुई खिळ्यासारखी ठाम आहे. ती तशी नसते. खांचेचें घर्षण टोंकाला पुढें ओढीत असतें; आवाज चढला कीं ओढ वाढते, रबर ताणतें, आणि दांडी क्षणोक्षणीं किंचित् पुढेंमागें होते. हाताचें डोकें वळविल्यामुळें तेंच घर्षण हाताला मध्याकडेही खेंचतें. ही खेंच आवरण्यास उलट दिशेची ओढ लावावी लागते. ती कमीजास्त झाली तर दांडी एका बाजूला दबून राहते. वर्षें लोटलीं कीं रबर आपला आकार विसरतें. कोठें तें कडक होतें आणि सुई खांचेंत उड्या मारते, कोठें तें बसतें आणि कार्ट्रिजचें पोट तबकडीस टेंकूं लागतें. आंस खालीं आल्यामुळें उभा कोनही उतरतो. दांडी वांकडी झालेली असतां पेटीच्या कडेवरून कोन जुळविणारा मनुष्य कितीही काळजी घेवो, तो पेटी जुळवितो, सुई नव्हे. जाणते लोक म्हणून भिंगांतून दांडीच पाहतात. अभ्रकाच्या पडद्याचे साउंडबॉक्स ज्यांनीं हाताळले आहेत त्यांस हें नवें नाहीं. त्या पडद्याच्या भोंवतालचीं रबरी कडीं कडक झालीं कीं बालगंधर्वांचें पदही पत्र्यावर वाजविल्यासारखें ऐकूं येई.

या रबराला हाताच्या वजनाशींही संसार करावा लागतो. स्प्रिंगला वजन टांगलें तर तें आपल्या ठराविक गतीनें डोलतें, तसे हात व रबर मिळून डोलतात. सोळा ग्रॅमांचा परिणामी भार आणि मध्यम लवचिकतेचें रबर असेल तर हें डोलणें सेकंदास सुमारें दहा वेळां होतें, आणि तेंच इष्ट. कारण तबकडीचे बांक याहून सावकाश येतात आणि गाण्याचे स्वर वीस कंपनांच्या वर असतात. जड हातास फार मऊ रबर जोडलें कीं वांकलेल्या तबकडीवर सुई हेलकावे खाते, आणि प्रत्येक हेलकाव्यागणिक कोन बदलतो. महाग हात आणि महाग कार्ट्रिज एकत्र आणून वाईट आवाज मिळविणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्या दुःखाचें मूळ बहुधा येथें असतें.

जुन्या लाखेच्या तबकड्या आज संगणकावर उतरवून घेण्याचें काम जेथें चालतें, तेथें या सर्व विद्येचा उपयोग होतो. सूक्ष्म खांचेचें टोंक त्या रुंद खांचेच्या तळाशीं लोळतें आणि तळचा कचरा तेवढा वाजवितें. म्हणून जवळजवळ तिप्पट जाडीचें टोंक लागतें. त्यांतही निरनिराळ्या जाडीचीं टोंकें हाताशीं ठेवून, पोलादी सुईनें भिंतीचा जो पट्टा झिजविला नाहीं तो शोधून काढतात, आणि मग अब्दुल करीमखांसाहेबांच्या तबकडीच्या अखेरच्या ताना कित्येक वर्षांनीं मोकळ्या होतात. घरीं मात्र अशी तबकडी जुन्या चावीच्या यंत्रावर पाहुण्यांस दाखविण्यापुरती वाजविली जाते, बहुधा डबींत सांपडलेल्या गंजक्या सुईनें. त्या एका वाजविण्यानें जें जातें तें परत येत नाहीं.

१९७७ सालीं अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. त्यांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तींत गोव्याच्या केरी गांवच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. यानें सुटल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच सप्टेंबरांत, केसरबाई वारल्या. तबकडीबरोबर एक कार्ट्रिज आणि सुईही धाडलेली आहे. वेष्टनावर तबकडी वरून कशी दिसते, बाजूनें कशी दिसते, आणि आरंभीं सुई कोठें ठेवावी, याचें चित्र कोरलेलें आहे.