पलीकडे संगणक आहे का? इंटरनेट फोनच्या पहिल्या पर्वाचा इतिहास

१/
फेब्रुवारी १९९५. इस्रायलमधील व्होकलटेक या लहानशा कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचे सॉफ्टवेअर विक्रीस आणले. विंडोजवर चालणारा संगणक, साउंड कार्ड, मायक्रोफोन आणि मोडेम एवढी सामग्री जवळ असली की जगाच्या कोणत्याही टोकाशी बोलता येई आणि अंतरानुसार आकार पडत नसे. अट एकच होती. पलीकडच्या माणसाकडेही हेच सारे असावे, आणि तो नेमक्या त्याच वेळी संगणकासमोर बसलेला असावा.

२/
पुढील दहा वर्षांचा सारा इतिहास या अटीभोवती फिरतो. या काळात डझनावारी सेवा निघाल्या. त्यांचे तंत्र बहुतांशी एकाच कुळातले होते. फरक पडला तो 'पलीकडे संगणक आहे का?' या प्रश्नाला प्रत्येकाने दिलेल्या उत्तरामुळे. त्या उत्तरावरून कंपनीचा ग्राहक ठरे, आणि पुष्कळदा तिचे आयुष्यही.

३/
तंत्र मुळात नवे नव्हते. ऑगस्ट १९७४ मध्येच अर्पानेटवरून दक्षिण कॅलिफोर्नियातील एक संशोधन संस्था आणि एमआयटीची लिंकन प्रयोगशाळा यांच्यात आवाजाची देवाणघेवाण झाली होती. डॅनी कोहेन हे त्या प्रयोगाचे प्रमुख नाव. त्या मंडळींना फोन स्वस्त करायचा नव्हता. जाळ्यातून बोलणे धाडता येते का, एवढेच पाहायचे होते.

४/
साध्या दूरध्वनीत बोलणे सुरू झाले की दोघांमध्ये सेकंदाला ६४ किलोबिटची एक वाट राखून ठेवली जाते. दोघे गप्प बसले तरी ती वाट त्यांचीच. इंटरनेटवर आवाजाचे तुकडे होतात. ते दाबून लहान केले जातात आणि इतरांच्या माहितीच्या गर्दीतून धाडले जातात. जी.७२३.१ या दाबतंत्राने तोच आवाज सुमारे ६ किलोबिटमध्ये मावू लागला, म्हणजे २८.८ किलोबिटच्या मोडेमलाही तो पेलवे. किंमत मोजावी लागे ती विलंबाची. आवाज पोहोचायला सेकंदाच्या सातव्या भागाहून फार उशीर झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. सुरुवातीला तर अनेकांना एका वेळी एकानेच बोलायचे, पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखे, असा व्यवहार करावा लागे.

५/
मग इतके निकृष्ट बोलणे कोणाला हवे होते? याचे उत्तर तारांमध्ये नाही, हिशेबाच्या वह्यांमध्ये आहे.

६/
अमेरिकेतून भारतात फोन लागला की तेथील कंपनी ग्राहकाकडून पैसे घेई आणि त्यातला ठरलेला हिस्सा दर मिनिटामागे भारताकडे पाठवी. भारतातून फोन गेला की उलट. ज्या देशात येणारे फोन जास्त आणि जाणारे कमी, त्याच्याकडे डॉलरचा ओघ वाहे. भारत त्यांपैकीच एक. हा व्यवहार सांभाळणारी संस्था मुंबईत होती. पूर्वी ती सरकारची 'ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस' होती. जुन्नरजवळच्या आर्वीचे १९७१ मधले उपग्रह केंद्र तिचेच. १ एप्रिल १९८६ रोजी तिची 'विदेश संचार निगम लिमिटेड', म्हणजे व्हीएसएनएल, झाली.

७/
या व्यवस्थेकडे निव्वळ लोभ म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. लांब पल्ल्याच्या महाग फोनांतून मिळणाऱ्या पैशावर गावातला स्थानिक फोन स्वस्त ठेवायचा, ही त्या काळी जगभर मानली गेलेली रीत होती. तिचा भार मात्र एका विशिष्ट माणसावर पडे: परदेशी राहून घरी फोन करणाऱ्यावर. नव्वदीच्या दशकात अमेरिकेतून भारताला साध्या दराने बोलायचे तर मिनिटाला डॉलरहून अधिक मोजावे लागत. न्यू जर्सीतल्या मराठी घरात आठवड्याचा फोन घड्याळाकडे डोळा ठेवून व्हावा, यात नवल नव्हते.

८/
ही फट प्रथम हेरली ती इंटरनेटने नव्हे. १९९० मध्ये हॉवर्ड जोनस यांच्या आयडीटी कंपनीने 'कॉलबॅक' सुरू केला. परदेशातील ग्राहकाने अमेरिकेतील एका क्रमांकावर घंटी वाजवून फोन ठेवायचा. यंत्र त्याला उलट फोन करी आणि अमेरिकेचा डायल टोन देई. बोलणे जणू अमेरिकेतूनच सुरू झाले, म्हणून दरही अमेरिकेचा. आपल्याकडच्या 'मिस्ड कॉल'चा हा धंदेवाईक चुलतभाऊ.

९/
त्याच आयडीटीने १९९६ मध्ये 'नेट२फोन' काढले आणि व्होकलटेकची अट अर्धी केली. संगणक फक्त फोन करणाऱ्याकडे असला तरी पुरे. आवाज इंटरनेटवरून एका 'गेटवे' यंत्रापर्यंत जाई आणि तेथून साध्या फोनच्या जाळ्यात उतरे. हाच खरा कोनाडा होता. परदेशी गेलेल्या मुलाच्या टेबलावर संगणक असे. आईकडे मात्र चकतीचा फोन, आणि तोही कधी शेजारच्यांचा.

१०/
मार्च १९९६ मध्ये लहान दूरध्वनी कंपन्यांच्या एका अमेरिकन संघटनेने असे सॉफ्टवेअर विकण्यावरच बंदी आणावी, अशी मागणी तेथील नियामक आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे, केली. आयोगाने बंदी घातली नाही. उलट १९९७ मध्ये त्याने परदेशांना देण्याच्या हिश्श्यावरच मर्यादा घातल्या. गरीब देशांसाठी ती मिनिटाला २३ सेंट ठरली. फट वरून आणि खालून, दोन्हीकडून बुजू लागली.

११/
याच सुमारास दोन कंपन्यांनी दोन अगदी वेगळे कोनाडे निवडले. १९९९ मध्ये आलेल्या डायलपॅडने अमेरिकेतल्या अमेरिकेत संगणकावरून फोन फुकट दिला; खर्च जाहिरातींवर काढायचा बेत होता. लोक तुटून पडले. परंतु देशांतर्गत दर तेव्हा आधीच खूप उतरले होते, म्हणजे जिथे ग्राहकाची अडचण सर्वांत कमी तिथे सर्वांत मोठी सवलत. डॉट-कॉमचा फुगा फुटला, जाहिराती आटल्या आणि २००१ च्या अखेरीस कंपनी दिवाळखोरीत गेली.

१२/
दुसरी आयटीएक्ससी, स्थापना १९९७, संस्थापक टॉम एव्हस्लिन. तिने घरगुती ग्राहकाकडे पाहिलेच नाही. ती मोठ्या दूरध्वनी कंपन्यांचेच फोन घाऊक घेऊन इंटरनेटवरून दूरदेशी पोहोचवी. या टोकाला फोन, त्या टोकालाही फोन. मधला प्रवास कसा झाला हे बोलणाऱ्याला ठाऊकच नसे. या साऱ्या कथेतली सर्वांत कमी गाजलेली आणि बहुधा सर्वांत शहाणी निवड हीच.

१३/
भारतात मात्र हे सारे निषिद्ध होते. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेला इंटरनेट दिले खरे, पण इंटरनेट फोनला मनाई होती, आणि अशा सेवांची काही संकेतस्थळेही अडवली गेली. अखेर १ एप्रिल २००२ रोजी दार उघडले, तेही किलकिले. संगणकावरून संगणकाला बोलावे. संगणकावरून परदेशातील फोनला बोलावे. भारतातील फोनला मात्र नाही. म्हणजे पुण्यातल्या सायबर कॅफेतून शिकागोच्या स्वयंपाकघरातला फोन वाजवता येई, सोलापूरचा नाही.

१४/
या अर्धवट परवानगीतूनही एक बाजार उभा राहिला. सत्यम इन्फोवेच्या 'आयवे' कॅफेंसारख्या ठिकाणी हेडफोन लावून परदेशी बोलणारी माणसे दिसू लागली. समोरच पिवळ्या पाटीचा एसटीडी-आयएसडी-पीसीओ बूथ असे. बूथचा आवाज स्वच्छ, कॅफेचा दर कमी. मुलाला पैसे पाठवले का, एवढेच विचारायचे असेल तर बूथ; नातवाचे बोबडे बोल ऐकायचे असतील तर कॅफे.

१५/
अमेरिकेत २००२ मध्ये व्होनेजने तिसरे उत्तर दिले: संगणक कोणालाच नको. ब्रॉडबँडला एक डबी जोडायची आणि घरातला नेहमीचा फोन तिला लावायचा. ऑगस्ट २००९ मध्ये याच कंपनीने महिना २४.९९ डॉलरमध्ये साठाहून अधिक देशांना अमर्याद बोलण्याची योजना आणली. त्या देशांत भारत होता. मिनिटे मोजण्याची सवय असलेल्या घरांसाठी हा केवढा बदल होता, हे त्या पिढीलाच कळावे.

१६/
आणि स्काइप? २९ ऑगस्ट २००३ रोजी आलेल्या या सेवेने चक्क १९९५ च्या अटीकडे पाऊल मागे टाकले: दोन्हीकडे संगणक हवाच. निक्लस झेनस्ट्रोम, यानुस फ्रिस आणि त्यांचे एस्टोनियन सहकारी यांनी त्याआधी काझा हे संचिका-वाटपाचे जाळे बांधले होते. तीच विद्या येथे कामी आली. कार्यालयांच्या सुरक्षाभिंतींमागे अडकणारा आवाज इतर वापरकर्त्यांच्या संगणकांवरून वळसा घालून पोहोचे. ग्राहकाला एकही सेटिंग हलवावी लागत नसे. आवाज साध्या फोनहून भरदार येई. मुख्य म्हणजे आठ वर्षांत प्रश्नाचे उत्तरच बदलले होते. पलीकडे आता संगणक होता. साध्या फोनला जोडणारी 'स्काइपआउट' सेवा २००४ मध्ये, म्हणजे मागाहून, आली.

१७/
ईबेने २००५ मध्ये स्काइप २.६ अब्ज डॉलरना घेतले, मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये ८.५ अब्जांना. तोवर संगणक खिशात आला होता. २०१५ मध्ये व्हॉट्सअॅपने बोलणे सुरू केल्यावर फट अशी उरलीच नाही. भारतात इंटरनेटवरून देशातल्या साध्या फोनला बोलण्याची वाट २०१८ मध्ये मोकळी झाली, जेव्हा तिची निकड बहुतेकांना उरली नव्हती. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले.

१८/
आयटीएक्ससी मात्र त्याआधीच दुसऱ्या वाटेने गेली. २००४ मध्ये ती कॅनडातील टेलिग्लोब या कंपनीत विलीन झाली. २००६ मध्ये टेलिग्लोब विकली गेली. ती घेणारी कंपनी मुंबईची होती आणि २००२ पासून टाटांकडे होती. तिचे नाव व्हीएसएनएल.