सांगात्याची साक्ष : बळवंतराव वराळे

चळवळीच्या इतिहासात नेत्यांची चरित्रे लिहिली जातात. कार्यकर्त्यांची नावे मात्र बहुधा तळटीपेत विसावतात. बळवंत हनमंतराव वराळे यांचे स्थान या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. ते कार्यकर्ते होते, लोकप्रतिनिधी होते आणि ‘डॉ. बाबासाहेबांचा सांगाती’ या ग्रंथाचे कर्तेही होते.

वराळे निपाणी-बेळगाव भागातले. हा मुलूख त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. दलित समाजाच्या शिक्षणासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली एक मंडळ स्थापन केले. त्याच खटपटीतून धारवाडचे विद्यार्थी वसतिगृह उभे राहिले आणि त्याचा कारभार वराळे यांनी सांभाळला. ऑगस्ट १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. १९३७ च्या निवडणुकीत त्याच पक्षातर्फे ते बेळगावमधून मुंबई विधानसभेवर निवडून आले.

पुढे बाबासाहेबांनी त्यांना औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात बोलावून घेतले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे १९५० साली सुरू झाले होते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. विधानसभेत बसलेल्या गृहस्थाने शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थापनाचे काम पत्करावे, यात काहींना उतरंड दिसेल. आमच्या मते वसतिगृहापासून महाविद्यालयापर्यंतचे हे एकच अखंड कार्य होय. आमदारकी हा त्यातील एक टप्पा.

प्रश्न उरतो तो ग्रंथाचा. निकटच्या माणसाच्या आठवणी इतिहासाने कितपत ग्राह्य धराव्यात? येथे चुल्लवग्गातील पहिल्या संगीतीचा वृत्तांत मार्गदर्शक ठरावा. पाचशे भिक्खूंच्या त्या सभेत आनंदाची साक्ष केवळ निकटतेमुळे स्वीकारली गेली नाही. हे वचन कोठे सांगितले गेले, कोणाला उद्देशून, असे महाकस्सपाने एकेका सुत्ताविषयी विचारले. आणि स्थविर पुराणाने, आपण भगवंतांच्या मुखातून जसे ऐकले तसेच धारण करू, असे म्हटले, तेव्हा त्याचे म्हणणेही नोंदीतून वगळले गेले नाही.

हीच कसोटी वराळे यांच्या ग्रंथालाही लावावी. जेथे स्थळ, प्रसंग व व्यक्ती सांगितल्या आहेत, तेथे त्यांची साक्ष पत्रव्यवहार व वृत्तपत्रे यांच्याशी ताडून पाहता येते; इतर सहकाऱ्यांच्या आठवणी वेगळ्या पडल्या, तर दोन्ही नोंदवून ठेवाव्यात. अशा चिकित्सेने ग्रंथाची प्रतिष्ठा उणावत नाही. तो श्रद्धेच्या कपाटातून बाहेर येऊन इतिहासाचे साधन बनतो.

सरकारी दप्तरात वराळे यांच्या नावापुढे फार तर मतदारसंघ सापडेल. धारवाडच्या वसतिगृहाचे रोजचे जगणे तेथे सापडणार नाही. ते लिहून ठेवणारे हात आपल्यातलेच होते. घरोघरी पडलेल्या अशा वह्या आणि पत्रे वेळीच जपणे, हे आता आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.