दरोडेखोराचे अखेरचे शब्द

‘व्हिवा व्हिया!’ या बोलपटाच्या शेवटी पान्चो व्हिया गोळी लागून पडलेला असतो आणि जॉनी साइक्स नावाचा एक अमेरिकन बातमीदार, त्याचा जिवलग स्नेही, त्याच्याजवळ असतो. मोठी माणसे मरताना काहीतरी बोलून जातात एवढे व्हियाने ऐकलेले आहे. आपण काय बोलावे हे मात्र त्याला सुचत नाही. ते काम तो जॉनीवर सोपवितो. जॉनी उद्याच्या वर्तमानपत्रातील मजकूर वाचून दाखवावा तसा शब्द जुळवू लागतो, आणि त्या मजकुरात मरणारा वीर मातृभूमीजवळ आपल्या अपराधांची क्षमा मागतो. ते ऐकून व्हिया गोंधळतो. आपले चुकले तरी काय, असे तो विचारतो, आणि बोलपट तेथेच संपतो.

(इंग्रजी अक्षरांवरून कोणी ‘व्हिला’ असे वाचील, स्पॅनिश भाषेतील उच्चार मेक्सिकोत ‘व्हिया’च्या जवळचा आहे, म्हणून तोच येथे ठेवला आहे.)

हा बोलपट मेट्रो-गोल्डविन-मेयर या संस्थेने १९३४ साली काढला. निर्माता डेव्हिड सेल्झनिक, पटकथा बेन हेक्टची, आणि व्हियाच्या भूमिकेत वॉलेस बीरी. व्हेनिसच्या चित्रपट-महोत्सवात त्याच वर्षी बीरीचा उत्कृष्ट नट म्हणून गौरव झाला, आणि तो अनाठायी नव्हता. धिप्पाड, घोगऱ्या आवाजाचा, क्षणात हसणारा व क्षणात जीव घेणारा असा हा पुरुष पडद्यावर आला की दुसऱ्या कोणाकडे लक्षच जात नाही. दिग्दर्शक म्हणून नाव जॅक कॉनवे याचे असले तरी आरंभीचे पुष्कळ काम हॉवर्ड हॉक्सने केले होते. १९३३ च्या नोव्हेंबरात मेक्सिको शहरी चित्रण चालू असता बातमीदाराची भूमिका करणाऱ्या ली ट्रेसीने मद्याच्या अमलात हॉटेलच्या सज्जातून खालच्या लष्करी मिरवणुकीचा अशोभनीय अपमान केला, असा बोभाटा झाला. संस्थेला मेक्सिकोच्या सरकारची माफी मागावी लागली, ट्रेसीला काढून स्टुअर्ट अर्विनला घेण्यात आले, आणि त्याच गडबडीत हॉक्सही बाहेर पडला. मेक्सिकन क्रांतीचा गौरव करण्यास निघालेल्या मंडळींनी त्या क्रांतीच्याच सैन्याची अशी बेअदबी करावी, हा योगायोग बोलका आहे.

आपली कथा इतिहासाच्या दप्तरातून घेतलेली नाही, असे बोलपटाने आरंभीच सांगून टाकले आहे. अशी कबुली दिल्यावर तपशिलांच्या चुका काढीत बसणे हे रिकामपणाचे लक्षण ठरेल. बोलपटात व्हियाचा बाप जमीनदाराच्या चाबकाने मरतो, खऱ्या दोरोतेओ आरांगोचा (हेच व्हियाचे जन्मनाव, जन्म १८७८, दुरांगो प्रांतात) बाप बटाईने शेती करणारा गरीब कुळवाडी होता आणि तो असा मेला नाही. अशा गोष्टी सोडून देता येतील. परंतु सगळ्याच चुका जर एकाच दिशेने झुकत असतील, तर ती दिशा कोणती हे पाहणे अगत्याचे होते.

बोलपटातील व्हिया हे एक मोठे मूल आहे. त्याला लढता येते, विचार करता येत नाही. विचार करणारा पुरुष म्हणजे फ्रान्सिस्को मादेरो. त्याच्यापुढे हा रानगडी कुत्र्यासारखा लीन होतो, आणि शेतकऱ्यास जमीन देण्याचे स्वप्नही मादेरोचेच ठरते. वस्तुतः मादेरो हा कोआउइला प्रांतातील अतिश्रीमंत जमीनदार घराण्यातला सज्जन गृहस्थ. १९१० साली त्याने पोर्फिरिओ दियास याच्या प्रदीर्घ एकतंत्री सत्तेविरुद्ध बंडाचे निशाण उभारले, १९११ च्या मे महिन्यात सिउदाद हुआरेस पडले व दियास देश सोडून गेला, हे सर्व खरे. पण जमिनीच्या प्रश्नावर मादेरो कचरला. म्हणूनच दक्षिणेत एमिलिआनो सापाता याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्याविरुद्ध आपला जाहीरनामा काढला. बोलपटात सापाताला स्थान नाही. १९१२ साली उएर्ता या सेनापतीने व्हियाला जवळजवळ गोळी घातलीच होती. तो वाचला आणि तुरुंगात पडला. तेथे त्याला लिहिण्यावाचण्याचे धडे देणारा मनुष्य सापाताच्याच पक्षाचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे. जमिनीचा विचार व्हियाच्या डोक्यात एखाद्या सज्जनाने कृपाळूपणे घातला असे मानण्याचे कारण नाही. उत्तरेतल्या कोणत्याही कुळाला तो शिकवावा लागत नव्हता.

पुढे १९१३ च्या फेब्रुवारीत मादेरोचा खून झाला आणि उएर्ता गादीवर बसला. या कटाला अमेरिकन वकील हेन्री लेन विल्सन याचा पाठिंबा होता; कटवाल्यांचा करारच त्याच्या वकिलातीत झाला. बोलपटात या कृत्याचा धनी पास्काल नावाचा एक कल्पित सेनापती आहे. व्हिया त्याला मध फासून मुंग्यांकडून खाववितो, आणि प्रेक्षक शहारून का होईना समाधान पावतो. वकिलातीचा मात्र उल्लेख नाही. त्याचप्रमाणे ९ मार्च १९१६ रोजी व्हियाने अमेरिकेच्याच कोलंबस गावावर घातलेला छापाही नाही, आणि त्याला धरण्यासाठी पर्शिंगच्या हाताखाली मेक्सिकोत शिरून १९१७ च्या फेब्रुवारीत रित्या हाताने परतलेली फौजही नाही.

आता डोक्याविषयी. १९१३ च्या मार्चमध्ये केवळ आठ सोबत्यांनिशी व्हिया सरहद्द ओलांडून आला. नोव्हेंबरात त्याने कोळशाची एक आगगाडी पकडली, शत्रूच्या अधिकाऱ्याच्या नावाने तारा केल्या की पुढे मार्ग बंद आहे, काय करू. ‘परत ये’ अशी आज्ञा आल्यावर तीच गाडी आपल्या माणसांनी भरून रात्री हुआरेस शहरात नेली, आणि झोपलेले ठाणे जिंकले. मुलाच्या डोक्यातून असल्या युक्त्या निघत नाहीत. पुढच्याच महिन्यात तो चिहुआहुआ प्रांताचा गव्हर्नर झाला. तेथे तेर्रासास या एका घराण्याकडे सुमारे ७० लाख एकर जमीन होती. व्हियाने त्यांची व इतर बड्या जमीनदारांची मालमत्ता सरकारजमा केली. तिचे उत्पन्न विधवा-अनाथांना द्यावे आणि विजयानंतर जमीन वाटावी, असे त्याच्या हुकुमात होते. मांसाचे भाव त्याने उतरविले, नोटा काढल्या, शाळांकडे लक्ष दिले. जॉन रीड या तरुण अमेरिकन बातमीदाराने त्याच्या सैन्याबरोबर प्रवास करून ‘इन्सर्जंट मेक्सिको’ हे पुस्तक लिहिले. त्यात चाळीस डब्यांच्या रुग्णालय-गाडीचे वर्णन आहे. जॉनी साइक्स हे पात्र पाहताना रीडची आठवण होते, पण रीडने जे पाहिले ते या पात्राला दिसत नाही.

जमीन वाटण्याचे वचन व्हियाच्या हातून पुरे झाले नाही. त्या दिशेने देश पुढे हळूहळू चालू लागला, आणि त्या कामात एक मराठी माणूसही होता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ पासून मेक्सिकोत होते. चापिंगोच्या कृषिविद्यालयात ते शिकवीत आणि शेतकऱ्यांसाठी मुक्त शाळा चालवीत. दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले आहे.

हे लिहिताना व्हियाला साधू ठरविण्याचा हेतू नाही. १९१५ च्या एप्रिलमध्ये सेलाया येथे ओब्रेगोनने त्याचा मोड केला. त्यानंतरचा व्हिया भयंकर आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस सान पेद्रो दे ला क्वेवा या खेड्यातील पुरुषांना त्याने एकगठ्ठा गोळ्या घातल्या. दयेची याचना करणारा पाद्रीही त्यातून सुटला नाही. बोलपटातील क्रौर्य गमतीचे आहे, ते पाहून हसू येते. या खेड्याचे स्मरण ठेवून हसणे कठीण आहे. मुलाला सर्व काही क्षमा करता येते. आणि ज्याला इतक्या सहज क्षमा करावी, त्याचे म्हणणे ऐकण्याचीही मग गरज उरत नाही.

आणि तरीही या बोलपटाचा शेवट मला पुनःपुन्हा आठवतो. याचे कारण असे की, व्हिया खरोखरच बातमीदार व छायाचित्रकार यांच्या हातून घडलेला पुरुष होता, आणि त्याला ते मान्य होते. १९१४ च्या जानेवारीत त्याने म्यूच्युअल या अमेरिकन चित्रपट-कंपनीशी करारच केला: २५ हजार डॉलर आणि नफ्यात वाटा. सूर्यप्रकाशात चित्रे चांगली येतात म्हणून लढाया दिवसा लढण्याचे कलम त्यात होते, अशी दंतकथा आहे; इतिहासकार फ्रीड्रिश काट्झ यांनी करार पाहून तसे कलम त्यात नसल्याचे सांगितले आहे. त्या करारातून निघालेल्या मूकपटात तरुण व्हियाचे काम राउल वॉल्शने केले होते, व शेवटी व्हिया मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष होतो असे दाखविले होते. तो कधीच झाला नाही. १९३४ च्या बोलपटाने मात्र त्याला पुन्हा एकदा त्या पदावर बसविले. आणखी एक गंमत सांगतो. १९१७ साली ‘पेट्रिया’ या अमेरिकन मालिकापटात व्हिया खलपुरुष होता. तेथेही तो झाला होता वॉलेस बीरीच!

खऱ्या मृत्यूत बातमीदार नव्हता. २० जुलै १९२३ च्या सकाळी पार्राल गावात व्हिया स्वतः आपली डॉज मोटार हाकीत असता, भाड्याने घेतलेल्या एका घरातून मारेकऱ्यांनी बंदुकांची फैर झाडली. बोलपटात त्याला मारणारा बहिणीचा सूड घेणारा एक सरदार आहे. येथे मात्र प्रांतिक विधिमंडळाचा एक सभासद कृत्याची जबाबदारी घेऊन पुढे आला, त्यास वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि काही महिन्यांत तो सुटला. व्हिया जागच्या जागी गेला. ‘मी काहीतरी बोललो असे लोकांना सांगा’ अशा आशयाचे शब्द त्याच्या तोंडी घालतात ते मागाहूनचे.

मेक्सिकोने स्वतः त्याच्यावर काढलेला बोलपट अवघ्या दोन वर्षांनी, १९३६ च्या अखेरीस आला: फर्नांदो दे फुएन्तेस याचा ‘व्हामोनोस कोन पान्चो व्हिया!’ त्याला सरकारचे साहाय्य होते, तरी त्यात पोवाड्याचा सूर नाही. एका खेड्यातले सहा मित्र व्हियाच्या फौजेत जातात आणि एकामागून एक मरतात. शेवटी देवीच्या साथीत सापडलेल्या सोबत्याला जाळण्याचा हुकूम सहाव्यावर, तिबुर्सिओवर, येतो. तो ते करतो. मग व्हिया येतो, आणि संसर्गाच्या भीतीने त्याच्यापासून दूर सरतो. ज्याच्यासाठी घरदार सोडले तो पुरुष एक पाऊल मागे घेतो, एवढेच. तिबुर्सिओ काही बोलत नाही. बंदूक खांद्याला लावून रुळांवरून एकटा अंधारात चालू लागतो.