हात शिकले, हेन्री विसरला

महाळुंगे-चाकण पट्ट्यात असेंब्ली लाइनवर उभे राहणाऱ्यांना हेन्री मोलेझन जवळचा वाटेल. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये तोही लाइनवर कामाला होता. फिट्स इतक्या वाढल्या की काम सुटले. १९५३ मध्ये, २७व्या वर्षी, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतला भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग गेला. फिट्स कमी झाल्या, पण नवे काही लक्षात राहीना. (दोन्ही बाजूंनी असे ऑपरेशन आता करत नाहीत.)

बुद्धी शाबूत, बोलणे नीट, बालपण आठवत होते. पण डॉ. ब्रेंडा मिल्नर वर्षानुवर्षे भेटूनही त्याला दर वेळी नव्याच वाटत. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. तीन दिवसांत हात सफाईदार झाला. आपण हे आधी केले आहे, हे मात्र त्याला ठाऊकच नव्हते! म्हणजे प्रसंगांची आठवण आणि हाताचे कसब ही मेंदूतली वेगवेगळी खाती.

"बाबांना चाळीस वर्षांपूर्वीचे सगळे आठवते, मग आजार कसला?" असे तुम्हीही म्हणत असाल. अल्झायमरमध्ये बहुधा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारचा भाग लवकर बिघडतो. म्हणून जुने टिकते आणि सकाळचा चहा घेतल्याचे विसरते. मुद्दाम करतात असे समजून ओरडू नका, तपासणीला आणा.

हेन्री २००८ मध्ये, ८२व्या वर्षी गेला. तोवर शोधनिबंधांत तो फक्त 'एच. एम.' होता.