बावीस तारांची परीक्षा

महागड्या ध्वनियंत्रणेच्या शौकिनांमध्ये दोन तट ठरलेले असतात. एक म्हणतो, ॲम्प्लिफायरचे आकडे बघा, वायर बदलून आवाज बदलतो हे भौतिकशास्त्रात बसत नाही. दुसरा म्हणतो, आकडे ठेवा बाजूला, कान देऊन ऐका. भांडण हायफायइतकंच जुनं वाटतं, पण त्याची मुळं आपल्याकडे यादवकाळापर्यंत जातात. सिंघण यादवाच्या पदरी, देवगिरीला, शार्ङ्गदेव हिशेबखात्याचा अधिकारी होता आणि त्यानेच ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. ग्रंथाची शिस्त पाहिली की तो हिशेबनिसाने लिहिला याचं फारसं नवल वाटत नाही. या ग्रंथात श्रुती, म्हणजे सप्तकातल्या स्वरांच्या बारीक पायऱ्या, सिद्ध करण्याचा एक प्रयोग दिला आहे. तो नीट वाचला तर कळतं की खरा झगडा कान आणि सिद्धांत यांच्यात नाहीच. उत्तर आधी ठरवून केलेली परीक्षा आणि उत्तर उघडं ठेवून केलेली परीक्षा, फरक या दोन्हींत आहे.

प्रयोग असा. अगदी सारख्या दोन वीणा घ्यायच्या, प्रत्येकीला २२ तारा. पहिली तार उतरवता येईल तितकी उतरवायची. दुसरी तिच्याहून किंचित चढी, पण इतकीच की दोघींच्या मध्ये तिसरा आवाज बसू नये. असंच पुढे बाविसाव्या तारेपर्यंत. चौथ्या तारेवर षड्ज येतो, सातव्या तारेवर ऋषभ, नवव्या तारेवर गंधार, मग तेरा, सतरा, वीस आणि बावीस या तारांवर मध्यम, पंचम, धैवत, निषाद. आता एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरी एकेक श्रुती उतरवत जायची, ती चल. दुसऱ्या उतरणीला चल वीणेचे गंधार-निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवतात मिसळतात, तिसरीला ऋषभ-धैवत षड्ज-पंचमात, आणि चौथीला षड्ज, मध्यम, पंचम हे अनुक्रमे निषाद, गंधार, मध्यमात. मूळ कल्पना भरताच्या नाट्यशास्त्रातली, पण २२ तारांची ही मांडणी शार्ङ्गदेवाची. तिचा मोठेपणा ध्रुव वीणेत आहे. ऐकणाऱ्याच्या आठवणीवर भिस्त न ठेवता न हलणारा एक आवाज शेजारी ठेवायचा, ही समज आजही अनेक ध्वनिपरीक्षकांना नसते.

तरीही या परीक्षेत एक फट आहे. सप्तकाचे १२०० सारखे भाग, म्हणजे सेंट, धरले तर २२ सारख्या पायऱ्यांतली प्रत्येक साधारण ५५ सेंटची पडते. तयार कानाला पाचेक सेंटचा फरकही कळतो. म्हणजे ‘मध्ये तिसरा आवाज बसू नये’ ही अट कुणी शब्दशः पाळली असती, तर सप्तक भरायला बावीसपेक्षा कितीतरी जास्त तारा लागल्या असत्या. आकडा वीणेतून निघालेला नाही, तो वीणेच्या आधीच पाठ होता. यावर कुणी म्हणेल की शार्ङ्गदेवाला कानाला कळणारा कुठलाही आवाज अभिप्रेत नव्हता, संगीतात चालणारा आवाज अभिप्रेत होता. मान्य. पण संगीतात काय चालतं हे परंपरेनेच ठरणार असेल, तर वीणा परंपरेची साक्ष देते, तिची तपासणी करत नाही.

पुढे सहाशे-सातशे वर्षांनी हीच गोष्ट नव्या उपकरणांनिशी घडली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं; त्यांच्या कामाला अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची मदत होती. पाठोपाठ ई. क्लेमेंट्स या आयसीएस अधिकाऱ्याचं पुस्तक आलं आणि श्रुती-हार्मोनियमही आली. देवल-क्लेमेंट्स यांच्या श्रुती एकसारख्या मापाच्या नाहीत. कुठे २२ सेंट, कुठे ७०, कुठे ९०. शार्ङ्गदेवाच्या तारा लावण्याच्या पद्धतीतून अशी अंतरं निघणं कठीण. पण आकडा? तो २२च. मोजमाप नवं, उत्तर जुनं. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुतींचा वाद गाजला. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी आपली रागपद्धती मात्र बारा स्वरांवरच उभी केली. पुढे १९६३मध्ये जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी वादक-गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरून स्वर मोजले. यमनाचा गंधार कलावंतागणिक बदलत होता, इतकंच नव्हे तर एकाच मैफलीतही हलत होता. यंत्राला कुणी आधी २२ सांगितले नव्हते.

याच्या उलट उदाहरण मिरजेत आहे, आणि ते हातातलं आहे. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कारागीर कानशीने अगदी अलगद उतार देत घासतो, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतो. दोरा केसभर पुढे गेला तर आवाज मिटतो, मागे गेला तर चिरकतो. मधल्या एका जागी जवारी, म्हणजे तानपुऱ्याचा गुंजता नाद, खुलते. ही जागा कुठे आहे हे कारागिराला आधी माहीत नसतं. तार त्याला ‘नाही’ म्हणू शकते आणि बहुतेक वेळा म्हणतेच. सिद्धांत इथे मागाहून आला. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी दाखवलं की घोडीच्या वक्र माथ्याला तार हळूहळू टेकत असल्यामुळे, छेडलेल्या जागी ज्यांचं कंपन शून्य असतं आणि म्हणून यंग-हेल्महोल्ट्झ नियमाप्रमाणे जे उमटू नयेत, ते उपस्वरही तानपुऱ्यात उमटतात. कारागिराचं काम त्यामुळे वाया गेलं नाही, आणि रामन यांचंही नाही.

हायफायवाल्यांची अडचण नेमकी इथे आहे. ‘मी ऐकून सांगतो’ म्हणणाऱ्याला वायरीची किंमत आणि कंपनीचं नाव ठाऊक असतं. बाविसाचा आकडा पाठ असण्यासारखंच ते. अमेरिकेत मन्सन आणि गार्डनर यांनी १९५०मध्ये अ आणि ब असे दोन आवाज ऐकवून, तिसरा त्यांपैकी कोणता हे न सांगता विचारण्याची पद्धत मांडली. अनेक शौकिनांना ही अट अपमानास्पद वाटते. त्यांचा आक्षेप असा की घाईच्या तुलनेत बारीक फरक निसटतात. संगीत मुरायला वेळ लागतो. आक्षेप पोकळ नाही, पण त्याला उत्तर सोपं आहे. वेळ हवा तितका घ्या, महिनाभर तीच यंत्रणा घरी ऐका, वाटलं तर एकच यमन शंभरदा लावा. कोणती वायर चालू आहे ते मात्र दुसऱ्या कुणाला लिहून ठेवू द्या.