ताप उतरला म्हणजे डेंगी गेला असं नाही! बारामती-इंदापूरकरांनो, पावसाळ्यात ही काळजी घ्या

बारामती/इंदापूर : पावसाळा सुरू झाला की गावोगावच्या दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रांग लागते. "व्हायरल असेल, दोन दिवसांत जाईल" म्हणत अनेक जण अंगावर काढतात. पण तापाचं कारण डेंगी, चिकनगुनिया, मलेरिया, टायफॉईड यापैकी काहीही असू शकतं. त्यामुळे नेमकं काय पाहायचं आणि काय टाळायचं, याची ही माहिती घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

आपल्याकडे धोका का?

बारामतीच्या जिरायती पट्ट्यात पाणी रोज येत नाही. बागायती भागातही पाण्याचं गणित आवर्तनावर असतं. म्हणून घरोघरी बॅरल, रांजण, सिमेंटची टाकी, गोठ्यातला जनावरांचा हौद भरून ठेवावाच लागतो. डेंगी पसरवणारा एडिस डास गटारात नाही, तर अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणजे डेंगी फक्त पावसाळ्याचा नाही, टंचाईचाही आजार आहे. हाच डास चिकनगुनिया आणि झिकाही पसरवतो. राज्यातला पहिला झिका रुग्ण जुलै २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला होता. त्या महिलेला सोबत चिकनगुनियाही झाला होता. पुढे त्या बऱ्या झाल्या.

कोरडा दिवस पाळा

अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी केली की साखळी तुटते. मात्र पाणी नुसतं ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणून आतून घासून, वाळवून मगच भरा. मोठी टाकी रिकामी करता येत नसेल तर झाकण किंवा कापड घट्ट बांधा. हौदात गप्पी मासे सोडा. टायर, नारळाच्या करवंट्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर विसरू नका. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या लहान मुलांनाही मच्छरदाणी लावा.

खरा धोका कधी?

डेंगीचा ताप साधारण २ ते ७ दिवस राहतो. डोकेदुखी, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग मोडून येणं, पुरळ ही लक्षणं. पण गुंतागुंत बहुतेक वेळा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसात होते. घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला, आणि तेव्हाच तब्येत ढासळते. पुढीलपैकी एकही लक्षण दिसलं तर थांबू नका :

- पोटात जोरात दुखणं
- सारख्या उलट्या
- नाक किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच
- खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, हातपाय गार पडणं
- लघवी कमी होणं

औषधाबाबत चुका टाळा

तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त पॅरासिटामॉल घ्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ताक, लिंबू सरबत, ओआरएस, पेज भरपूर द्या. पहिल्या ५ दिवसांत एनएस-१ तपासणी, त्यानंतर आयजीएम तपासणी उपयोगी पडते. प्लेटलेट कमी झाल्या म्हणून लगेच पिशवी चढवावी लागत नाही. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्यावरच त्याचा विचार होतो. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळू नका.

पाणी आणि चिखल

जुलाब, कावीळ, टायफॉईड हे दूषित पाण्याचे आजार. पाणी उकळून प्या, विहीर आणि टाकीत टीसीएल पावडर पडते का ते ग्रामपंचायतीला विचारा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातला जीबीएसचा उद्रेक दूषित पाण्याशीच जोडला गेला. बाळाला जुलाब झाले तर ओआरएससोबत झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस द्या, मधेच थांबवू नका.

उसाच्या सरीत किंवा गोठ्यात अनवाणी काम करणाऱ्यांना उंदीर-जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. गमबूट घाला, जखम झाकून ठेवा. ताप आला तर शेतातल्या कामाचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कुठे जायचं?

आधी जवळचं उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. आशाताईंना ताप कळवा. त्यांनी घरी येऊन टाक्या तपासल्या तर नाराज होऊ नका. पुढे इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हे क्रमांक मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.